पास्त्याचे आकार: कोणते घरी आणावेत, कोणते दुकानातच राहू द्यावेत

मुंबईत पास्ता म्हटलं की पेने. कॉलेजबाहेरच्या गाडीवर पेने, लग्नाच्या बुफेतल्या लाइव्ह काउंटरवर पेने, शाळेच्या डब्यात पेने. सॉस लाल असो, पांढरा असो की दोन्ही एकत्र केलेला गुलाबी, आकार ठरलेला. पेने वाईट नाही, पण प्रत्येक सॉसला तोच वापरला की पास्ता कोरडा आणि सॉस ताटाच्या तळाशी, असं वारंवार होतं आणि बोल मात्र सॉसला लागतो. आकार शोभेसाठी नसतो. भिंत किती जाड, पृष्ठभाग किती खरबरीत आणि पोकळी किती मोठी, यावर त्या पास्त्यावर कोणता सॉस टिकेल हे ठरतं. डी-मार्टपासून क्रॉफर्ड मार्केटमधल्या आयात मालाच्या दुकानांपर्यंत मुंबईत जे आकार मिळतात, त्यांच्याकडे याच नजरेने पाहायला हवं.

आकार निवडण्याआधी पाकीट उलटं करून घटक वाचा. तिथे फक्त ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला असावा. इटलीत १९६७ च्या कायद्यापासून सुका पास्ता ड्युरमच्याच रव्याचा करावा लागतो. आपल्याकडे मात्र एकाच फळीवर ड्युरमचा, साध्या रव्याचा आणि मैदा मिसळलेला असे तिन्ही प्रकार शेजारी-शेजारी असतात आणि पाकिटावरचं चित्र तिघांचं सारखंच. ड्युरम आपल्याला परका नाही. शेवयांसाठी ज्याचा रवा काढतात तो बन्सी गहू ड्युरमच, आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था ड्युरमचे वाण तयार करत आली आहे. या गव्हातल्या प्रथिनांची जाळी घट्ट असते. ती उकळत्या पाण्यातही पिठूळ अंश आत धरून ठेवते. मैद्याची जाळी ढिली पडते, पिठूळ अंश बाहेर येतो, पाणी पेजेसारखं होतं आणि पास्ता बाहेरून बुळबुळीत, आतून कच्चा राहतो. पाकिटावर १०० ग्रॅममागे प्रथिनं १२ ग्रॅम किंवा जास्त असतील तर निर्धास्त घ्या. १० च्या आत असतील तर त्या पास्त्याचा आकार कितीही सुंदर असला तरी उपयोग नाही.

पारदर्शक पाकिटातून आणखी दोन गोष्टी दिसतात. गडद पिवळा, काचेसारखा गुळगुळीत पास्ता टेफ्लॉनच्या साच्यातून काढलेला असतो. फिकट, पिठी लावल्यासारखा निस्तेज दिसणारा पितळी-कांस्य साच्यातून आलेला असतो. त्या साच्याने पृष्ठभाग खरवडला जातो आणि सॉस धरतो. दिसायला पहिला आकर्षक, खायला दुसरा चांगला. आणि नळ्यांवर केसासारख्या बारीक भेगा दिसल्या तर ते पाकीट परत ठेवा. घाईने वाळवलेला माल असतो, उकळताना तुकडे पडतात. आयात पाकिटांवर जो ठळक नंबर असतो तो प्रतीचा नसतो. बारिल्लाची स्पॅगेटी ५ नंबरची, दे चेक्कोची १२ नंबरची. तो त्या-त्या कंपनीचा आकाराचा क्रमांक, एवढंच.

शिजवण्याची पद्धत एकदाच सांगतो, कारण ती सगळ्या आकारांना लागू आहे. माणशी ८० ते १०० ग्रॅम सुका पास्ता. १०० ग्रॅमला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ, म्हणजे २५० ग्रॅमला अडीच लिटर पाणी आणि चहाचे चार-साडेचार सपाट चमचे मीठ. सॉसमध्ये प्रोसेस्ड चीज भरपूर पडणार असेल तर मीठ लिटरला ७ ग्रॅमवर आणा, कारण ते चीज मुळात खारट असतं. पाणी खळखळून उकळल्यावरच पास्ता टाका आणि पहिली दोन मिनिटं ढवळत राहा. गोळा होतो तो याच दोन मिनिटांत. पाण्यात तेल घालू नका. तेल वर तरंगतं, त्यामुळे चिकटणं थांबत नाही. पास्ता उपसताना मात्र त्याचा थर अंगाला बसतो आणि मग सॉस घसरतो. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी एक तुकडा मोडून पाहा. मध्ये पांढरा ठिपका दिसला, दाताला किंचित कणी लागली, की पास्ता उपसून थेट कढईतल्या गरम सॉसमध्ये टाका आणि उरलेली दोन मिनिटं तिथेच शिजू द्या. त्याआधी पास्त्याचं पाणी एक कप बाजूला काढून ठेवा. त्यातल्या पिठूळ अंशामुळे तेल आणि पाणी एकजीव होतं, सॉसला चकाकी येते. नळाखाली धुतलात तर हे सगळं मोरीत गेलं. धुवायचा तो फक्त थंड सॅलडसाठी.

कुकरचा विषयही इथेच संपवतो. ‘एका शिट्टीत मॅकरोनी’ ही कृती खूप फिरते. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, बाहेरचा थर फुटतो, आत काय चाललंय ते पाहता येत नाही, आणि फेस वर चढून शिट्टीची वाट बंद करू शकतो. मोठं पातेलं घ्या.

आता आकार. पहिली पसंती निर्विवादपणे रिगातोनी. चार-साडेचार सेंटिमीटर लांबीची, सरळ कापलेली, जाड भिंतीची, अंगावर रेघा असलेली नळी. भिंत जाड असल्याने शिजायला १३-१४ मिनिटं लागतात, पण एखादं मिनिट इकडेतिकडे झालं तरी लगदा होत नाही. तोंड रुंद असल्याने जाडसर सॉसचे कण खरोखर आत शिरतात. पेनेच्या बारीक तोंडात खिमा शिरत नाही, रिगातोनीत शिरतो. म्हणून मुंबईच्या घरात खिम्याचा पास्ता करायचा तर याच्याशिवाय दुसरा आकार घेऊ नका. चौघांसाठी ३२० ग्रॅम रिगातोनी, ३०० ग्रॅम मटणखिमा, एक मोठा कांदा, ४०० ग्रॅम टोमॅटो. कांदा तेलात मऊ करा, खिमा घालून मोठ्या आचेवर पाणी पूर्ण आटेपर्यंत आणि तळाला तपकिरी थर धरेपर्यंत परता. ही पायरी टाळली की खिमा उकडल्यासारखा लागतो. मग टोमॅटो घालून मंद आचेवर ४५ मिनिटं. गरम मसाला पाव चमच्यावर नको. आलं वगळा, लसूण ठेवा. उलथन्याने रेघ ओढल्यावर तळ दोन सेकंद दिसला की सॉस तयार. त्यात पास्त्याचं पाणी अर्धा कप घालून तो पळीवाढा करा आणि मगच रिगातोनी टाका. हाच खिमा स्पॅगेटीवर घातलात तर तारा वर राहतात आणि खिमा खाली जमतो. खुद्द बोलोन्यात मांसाचा रागू स्पॅगेटीवर घालत नाहीत, तिथे तालियातेल्ले या रुंद पट्ट्या वापरतात. त्याबद्दल ते शहर इतकं काटेकोर आहे की १९७२ मध्ये तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये तालियातेल्लेची शिजल्यावरची रुंदी ८ मिलिमीटर अशी नोंदवून ठेवली गेली, म्हणजे गावातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. शाकाहारी घरात हेच काम मशरूम बारीक चिरून, किंवा भिजवलेले सोया ग्रॅन्युल्स पिळून आणि चांगले परतून होतं. ग्रॅन्युल्स पिळायला विसरू नका, नाहीतर सॉस पचपचीत होतो.

रिगातोनीची एकच अडचण: देशी पाकिटांत तो क्वचित मिळतो. आयात माल ठेवणाऱ्या दुकानांत बघावा लागतो आणि देशी पेनेपेक्षा बराच महाग पडतो. तरी एका पाकिटात चौघांचं जेवण होतं, हे पाहता आम्हाला तो खर्च पटतो.

पेनेला त्याच्या जागी बसवलं की तोही छान. तिरकी कापलेली टोकं ही त्याची ओळख. नळी न चेपता तिरकी कापणाऱ्या यंत्राचं पेटंट जेनोवाजवळच्या एका पास्तावाल्याने १८६५ मध्ये घेतलं. त्या तिरक्या तोंडाने पातळ, गुळगुळीत सॉस उचलला जातो, म्हणून पेनेला लाल, तिखट, तुकडे नसलेला टोमॅटो सॉस शोभतो. ३२० ग्रॅम पेनेला ५०० ग्रॅम पिकलेले टोमॅटो, चार पाकळ्या लसूण, तीन सुक्या मिरच्या, चार मोठे चमचे तेल. टोमॅटो लांबट घ्या, त्यात गर जास्त आणि पाणी कमी असतं. गोल गावठी टोमॅटो रसाळ आणि आंबट असतात, ते घेतलेत तर दहा मिनिटं जास्त आटवावे लागतात आणि आंबटपणा मोडायला अर्धं गाजर किसून घालावं लागतं. लसूण थंड तेलातच टाकून मंद आचेवर सोनेरी करा. तो तपकिरी झाला की कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही.

पेने घेताना ‘रिगाते’ म्हणजे रेघांचं घ्या. बिनरेघांचं, गुळगुळीत पेने मुंबईत फार दिसत नाही, दिसलं तर सोडा. नेपल्सकडचे काही जाणते आचारी त्याची बाजू घेतात, कारण रेघा नसल्याने भिंत सर्वत्र सारखी शिजते. कांस्य साच्यातल्या उंची मालाबाबत ते खरं आहे. टेफ्लॉनच्या गुळगुळीत मालावर मात्र सॉस ठरत नाही. २०२० च्या सुरुवातीला करोनाच्या भीतीने इटलीतल्या दुकानांतला पास्ता लोकांनी उचलून नेला, तेव्हाही फळ्यांवर मागे राहिलं ते हेच गुळगुळीत पेने.

गाडीवरचं पेने सॉस का धरत नाही, त्याचं कारणही पाहण्यासारखं आहे. ते सकाळी उकडून, तेल लावून डब्यात ठेवलेलं असतं. थंड झाल्यावर त्यातला पिठूळ अंश घट्ट होऊन बसतो, वर तेलाचा थर. दुपारी पांढऱ्या सॉसमध्ये दोन मिनिटं परतलं तरी दोघं वेगळेच राहतात. म्हणून तिथे सॉस घट्ट गोंदासारखा ठेवावा लागतो. घरी ही सक्ती नाही. घरी पांढरा सॉस पातळ ठेवा: २० ग्रॅम बटर, २० ग्रॅम मैदा, ४०० मिलिलिटर दूध, आणि शेवटी पास्त्याचं पाणी लागेल तसं. गॅस बंद करताना सॉस थोडा पातळ वाटला पाहिजे. ताटात येईपर्यंत पास्ता तो पितोच.

फुसिली, म्हणजे स्क्रू, हा डब्याचा पास्ता. मुंबईत सकाळी सातला भरलेला डबा दुपारी एकला उघडतो. सहा तासांत स्पॅगेटीची वीट होते, शंख एकमेकांत अडकतात, पांढरा सॉस थिजतो. फुसिलीच्या पिळामुळे दोन तुकड्यांचा एकमेकांना स्पर्शच कमी होतो, त्यामुळे तो सुटा राहतो. डब्यासाठी एक मिनिट आणखी कमी शिजवा, सॉस तेलाचा ठेवा (लसूण, ढोबळी मिरची, मक्याचे दाणे, मिरपूड) आणि वाफ पूर्ण जाऊ दिल्याशिवाय झाकण लावू नका. झाकणाखाली साचलेलं पाणी पास्ता पुन्हा पितो आणि फुगतो.

पिळाच्या खाचांत वाटलेला सॉसही मस्त बसतो, म्हणून पेस्तो यातच. बेसिलची ५० ग्रॅम पानं, २५ ग्रॅम काजू, लसणाची एक लहान पाकळी, ४० ग्रॅम किसलेलं पार्मेजान चीज, ८० मिलिलिटर ऑलिव्ह तेल. मिक्सरचं भांडं आधी फ्रीजमध्ये गार करा आणि थांबून थांबून फिरवा, उष्णतेने पानं काळी पडतात. जेनोवाच्या पद्धतीने पास्त्याच्याच पाण्यात एका बटाट्याच्या फोडी आणि मूठभर फरसबी उकडा. बटाट्याने पेस्तोला दाटपणा येतो. पेस्तो आचेवर ठेवायचा नाही: गॅस बंद, पास्ता, दोन चमचे पाणी, पेस्तो, ढवळा, वाढा. बेसिलऐवजी अंगणातली तुळस चालत नाही. तिला लवंगेसारखा उग्र दर्प असतो, तो वाटल्यावर अंगावर येतो. कोथिंबीर आणि भाजलेले शेंगदाणे यांचं वाटण त्यापेक्षा कितीतरी चांगलं लागतं. त्याला पेस्तो म्हणायची गरज नाही. फुसिली घेताना एवढंच बघा की पिळाचे पंख फार पातळ नसावेत. स्वस्त मालात पंख विरघळतात आणि मधला दांडा कच्चा राहतो.

लांब पास्त्यात आमची निवड लिंग्विने. स्पॅगेटीसारखीच, पण चपटी, त्यामुळे काट्यावर नीट गुंडाळली जाते आणि पातळ, तेलकट रस अंगभर धरते. मुंबईत ती घ्यायचं खरं कारण म्हणजे तिसऱ्या. नेपल्सला स्पॅगेटी किंवा लिंग्विने तिथल्या शिंपल्यांबरोबर करतात, आणि आपल्या बाजारातल्या तिसऱ्या त्या जागी अगदी फिट बसतात. २०० ग्रॅम लिंग्विनेला शिंपल्यांसकट ७०० ग्रॅम ते १ किलो तिसऱ्या. कोळणीकडून जिवंत, घट्ट मिटलेल्या घ्या. सुक्यासाठी करतो तशा फ्रीजरमध्ये ठेवून विळीवर अर्ध्या करू नका, त्यांचं पाणी हाच इथला सॉस आहे. लिटरला ३० ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात तासभर ठेवा, म्हणजे वाळू सोडतात. टिचकी मारूनही न मिटणाऱ्या टाकून द्या. रुंद कढईत चार चमचे तेल, तीन पाकळ्या लसूण, एक सुकी मिरची, मग तिसऱ्या, झाकण, मोठी आच. तीन-चार मिनिटांत उघडतात. उघडताच बाहेर काढा, आणखी शिजल्या तर रबर होतात. खाली राहिलेलं पाणी मलमलच्या फडक्यातून गाळून पुन्हा कढईत, त्यात अर्धवट शिजलेली लिंग्विने, दोन मिनिटं हलवत राहा, शेवटी तिसऱ्या आणि कोथिंबीर किंवा पार्सली. हे पाणी चांगलंच खारट असतं, म्हणून पास्त्याच्या पाण्यात मीठ लिटरला ५ ग्रॅमच. चीज अजिबात नको. कोळंबी घेतलीत तर डोकी आणि सालं टाकू नका. ती तेलात लाल होईपर्यंत परतून, दोन कप पाणी घालून वीस मिनिटं उकळा आणि गाळा. लिंग्विनेचा सॉस तोच.

साधी स्पॅगेटी घरात असावी, ती लसूण-तेलासाठी आणि साध्या टोमॅटोसाठी. ती मोडून पातेल्यात टाकायची नाही. उभी सोडा, अर्ध्या मिनिटात वाकते. मोडलेले तुकडे काट्यावर गुंडाळता येत नाहीत आणि चमच्यातही मावत नाहीत.

आता ज्या आकाराकडे मुंबईत फारसं कुणी बघत नाही तो: दितालिनी, बोटाच्या पेरापेक्षाही लहान नळ्या. वरणफळं आवडणाऱ्या घरात हा पास्ता लगेच रुळेल, कारण तो कडधान्याच्या रश्शातच शिजतो. १५० ग्रॅम चित्रा राजमा आठ तास भिजवून कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवा. एक तृतीयांश दाणे घोटून घ्या. तेलात कांदा, गाजर, लसूण आणि एक टोमॅटो परतून त्यात राजमा आणि साधारण सव्वा लिटर पाणी. उकळी आली की १२० ग्रॅम दितालिनी, नऊ-दहा मिनिटं, वारंवार ढवळत. इथे पास्ता वेगळा उकडायचा नाही, त्याचा पिठूळ अंशच रस्सा दाट करतो. पण लगेच वाढा. पातेल्यात अर्धा तास राहिला तर रस्सा नाहीसा होतो आणि दितालिनी दुप्पट होते. उरणार हे माहीत असेल तर राजमा वेगळा ठेवा आणि पास्ता वाढणीपुरताच शिजवा. दितालिनी मिळाली नाही तर लहान एल्बो मॅकरोनी चालते.

ओरेकिएत्ते, पुल्या प्रांतातल्या छोट्या वाट्या, हा आणखी एक आवडता. अंगठ्याने दाबून केलेला हा आकार लग्नाच्या खिरीसाठी बोटांनी करतात त्या नखुल्यांच्या जवळचा. तिकडे तो कडवट पालेभाजीबरोबर खातात. आपल्याकडे हिवाळ्यात मोहरीचा पाला मिळतो, एरवी मुळ्याचा कोवळा पाला किंवा ब्रोकोली. २५० ग्रॅम पास्त्याला ३०० ग्रॅम भाजी, पास्ता व्हायला पाच मिनिटं असताना त्याच पाण्यात. मग दोन्ही एकदम उपसून लसूण, मिरची, तेलाच्या फोडणीत. भाजी मऊ होऊन वाट्यांमध्ये बसली पाहिजे, करकरीत राहिली तर हा पदार्थ फसतो. वाट्या एकमेकींत बसून चिकटतात, म्हणून सुरुवातीचं ढवळणं इथे दुप्पट महत्त्वाचं.

एल्बो मॅकरोनी मुंबईच्या घरांत सगळ्यात जुनी, आणि किराणा दुकानात सुटी मिळते ती बहुधा साध्या रव्याची किंवा मैद्याची. तीच लगदा होते आणि त्यावरून लोक मॅकरोनीलाच नावं ठेवतात. ड्युरमची घेतली तर चीज सॉससाठी हा उत्तम आकार आहे. २०० ग्रॅम मॅकरोनीला २० ग्रॅम बटर, २० ग्रॅम मैदा, ४५० मिलिलिटर दूध आणि १२० ग्रॅम किसलेलं प्रोसेस्ड चीज. इथे प्रोसेस्ड चीज कमी प्रतीचं मानू नका. त्यात चरबी आणि पाणी फुटू न देणारे क्षार असतात, त्यामुळे ते गुळगुळीत वितळतं. नुसतं जुनं, कडक चीज उकळत्या सॉसमध्ये टाकलं तर त्याच्या गुठळ्या होतात.

नावडत्यांत पहिला नंबर फार्फाल्लेचा, म्हणजे बो-टायचा. दिसायला गोंडस आणि शिजवायला अन्यायकारक. मधल्या चिमटीत तीन पदर एकमेकांवर असतात, पंख मात्र एकपदरी. चिमटीतली कणी जाईपर्यंत पंख फाटतात, पंख नीट असताना काढला तर मध्ये कच्चं पीठ. कितीही महाग पाकीट घ्या, हे गणित बदलत नाही. अशा गुंतागुंतीच्या आकारांचं काय होतं याचं मोठं उदाहरण आहे: मोटारींचे प्रसिद्ध डिझाइनर जॉर्जेत्तो जुजारो यांनी १९८३ मध्ये नेपल्सच्या व्होइएल्लो कंपनीसाठी ‘मारिल्ले’ नावाचा पास्ता आखला. कागदावर देखणा, पण सर्वत्र सारखा शिजेना, आणि थोड्याच काळात बाजारातून गेला. फार्फाल्ले तेवढं वाईट नाही, पण दोष त्याच जातीचा. घरात आलंच असेल तर थंड सॅलडमध्ये वापरा: पंखांच्या मानाने शिजवा, धुवा, दही-पुदिन्यात किंवा तेल-लिंबात मिसळून तासभर ठेवा. रस मुरून चिमटी थोडी मऊ होते.

एंजल हेअर, म्हणजे कापेल्लिनी, दुसरा नावडता. दोन-तीन मिनिटांत शिजतो आणि चौथ्या मिनिटाला गिच्च गोळा. सॉसमध्ये संपवायला वेळच उरत नाही. पांढऱ्या सॉसमध्ये तर तो खिरीसारखा होतो. पातळ सुपात घालायला ठीक, पण त्यासाठी घरातल्या भाजलेल्या शेवया जास्त चांगल्या.

तिरंगी फुसिलीवरही पैसे घालवू नका. पालक आणि टोमॅटोची भुकटी इतकी थोडी असते की चव कळत नाही, आणि रंग निम्मा पाण्यात उतरतो. चाकं मुलांना आवडतात, पण आरे आधी शिजतात आणि कडा मागे राहतात. मोठे शंख भरून ओव्हनमध्ये करण्यासाठी बरे. लहान शंखांत मटारचे दाणे सुंदर अडकतात, फक्त एकमेकांत बसलेले शंख सुटे करत राहा. तांदळाच्या दाण्यासारख्या दिसणाऱ्या ओर्झोची खिचडी करण्याचा मोह टाळा, तो तांदूळ नाही, तळाला धरतो. तो भरपूर पाण्यात उकडून, गाळून, काकडी-टोमॅटोबरोबर कोमट खा. गव्हाच्या पिठाचा तपकिरी पास्ता घ्यायचा तर आखूड आणि जाड आकारातच. कोंडा प्रथिनांची जाळी तोडतो, त्यामुळे लांब तारा तुटतात, आणि सॉसही लसूण-मिरचीचा ठसठशीत लागतो.

पावसाळ्यात फोडलेलं पाकीट रबर लावून फळीवर ठेवू नका. जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत रव्याला लागतात तेच पोरकिडे पास्त्यालाही लागतात, आणि नळ्यांच्या आत शिरल्यावर दिसत नाहीत. नवं पाकीट आणल्यावर चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत काढा. बरणीत भरण्याआधी पाकीट न उघडता पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दव धरतं. आणि पाकिटावरची शिजवण्याची वेळ कापून बरणीला चिकटवा.